जेवणानंतर, चहापर्यंत

थॉर्नबेक, यॉर्कशर
बुधवार, ९ ऑक्टोबर १९५७

प्रिय फ्लॉरी,

आशीर्वाद. रागात आहे तरी देते, कारण आई असती तर तिनं आधी तेच लिहायला लावलं असतं. तू आणि आर्थर मजेत असाल. स्कारबरोची गर्दी ओसरली असेल, तुमच्या खोल्या रिकाम्या असतील, तेव्हा पत्र वाचायला वेळ नाही असं म्हणू नकोस. मी बरी आहे, गुडघा सोडून. बाबांचं पुढे लिहिते.

आधी त्या इन्स्पेक्टर पिंकनीबद्दल लिहू दे, नाहीतर माझं डोकं फुटेल.

शनिवारी आपल्या बँडचं चांदीचं कॉर्नेट चोरीला गेलं. तुला हे ठाऊक असायचं काही कारण नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. बँड सकाळीच स्पर्धेला हडर्सफील्डला गेला होता. संध्याकाळी परत आल्यावर हॉलमध्ये हॉर्सफॉल बँडमास्तरांचा निरोपसमारंभ होता आणि त्यात ती चांदीची तुतारी त्यांना कायमची भेट देणार होते. दुपारी बाराला रखवालदारानं ते कपाटात पाहिलं होतं. सातला मंडळी परतली तेव्हा कपाटात नुसती मखमल. हॉर्सफॉल एवढे ओरडले की त्यांचे वरचे दात सुटून खाली आले.

हॉलची दुसरी किल्ली बाबांकडे असते. ती आपल्या दारातल्या कुंडीखाली असते हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तरी पोलीस आले ते बाबांकडेच.

रविवारी संध्याकाळी हा पिंकनी उगवला. लीड्सहून पाठवलेला, मूळचा तिकडे दक्षिणेचा, ससेक्सचा. उंच, वाकलेला, कोटाच्या खिशात उकडलेली अंडी. विचार करायला लागला की एक अंडं काढून सोलतो आणि टरफलं दुसऱ्या खिशात टाकतो. माझी पायरी मी नुकतीच दगडानं घासून पांढरी केली होती. तिच्यावरून घसरला तो दाराशेजारच्या कोळसा ओतायच्या भोकात थेट एक पाय. पाय निघेना. मी आणि हवालदार ओल्ड्रॉइडनं ओढून काढला, तर हा माझ्या दारालाच म्हणतो, “माफ करा.” दाराला! मला नाही.

मग काळा पाय माझ्या गालिच्यावर ठेवून विचारतो, “शनिवारी तुमचे वडील कुठे होते?”

“जेवणानंतर टोपली घेऊन गेले, चहाला परत आले,” मी म्हटलं. सरळ उत्तर. शर्यतीच्या कबुतरांची टोपली, हे काय सांगायचं? शनिवारी बाबा आणखी कुठली टोपली नेतात? त्यानं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं आणि जाताना पुन्हा त्याच भोकात पडला.

सोमवारी पाचच्या सुमाराला आला तो हातकडी घेऊन! म्हणतो कसा, “मिस बॅराक्लफ, तुमचे वडील शनिवारी रात्री आठनंतर टोपली घेऊन बाहेर पडले आणि रविवारी दुपारी चारला परतले. जवळजवळ वीस तास! एवढ्या वेळात कॉर्नेट लंडनला विकून परत येता येतं.”

“अहो, रविवारी सकाळी ते चॅपलमध्ये होते! पहिल्या बाकावर!”

“तेच तर! शेजारीही पढवलेले दिसतात.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला हातकडी! बाबा मात्र शांत. हात पुढे केला. पिंकनीनं एक कडी त्यांच्या मनगटात घातली, दुसरी चुकून स्वतःच्या, आणि तेवढ्यात त्याला शिंक आली. किल्ली उडाली ती अंगणातल्या गटाराच्या जाळीतून खाली. ओल्ड्रॉइड दुसरी किल्ली आणायला सायकलवरून ठाण्यावर गेला. तो हसू दाबत होता, मी पाहिलं.

आता साडेपाच वाजले होते. चोर असो की पोलीस, माझ्या घरी कोणी उपाशी बसत नाही. मी दोघांना टेबलाशी बसवलं. रविवारचं उरलेलं मटण, तळलेले बटाटे, बिटाचं लोणचं, पाव-लोणी. दोघांत मिळून मोकळे हात दोनच, आणि बाबांनी काटा उचलला की त्याचाही हात उचलला जायचा. मटण मीच कापून दिलं.

“फार छान,” पिंकनी म्हणाला. “पण तुम्ही इतक्या लवकर जेवता?”

“जेवण कसलं? जेवण बाराला झालं. हा चहा आहे.”

“चहा कुठे आहे?”

“हाच की. मटण, बटाटे, सगळं.”

त्याचा घास तोंडाशी थांबला. बाबांचाही थांबला, बिचाऱ्यांचा इलाज नव्हता. “म्हणजे... जेवण दुपारी? आणि चहा...”

“साडेपाचला! तुमच्याकडे काय उलटं असतं?”

असतं म्हणे! तिकडे जेवण रात्री आठला आणि चहा दुपारी चारला, काकडीच्या चकत्या लावलेल्या पावाबरोबर. त्या काकडीच्या पावापायी माझ्या बापाला हातकडी! बाबा बारानंतर गेले, टोपलीत कबुतरं होती, कबुतरांच्या क्लबातले चौघे दुपारभर त्यांच्याबरोबर टेकडीवर होते आणि साडेपाचला ते घरी. ओल्ड्रॉइड इथेच जन्मला, त्याला हे सांगता आलं नसतं? म्हणतो, “साहेबांनी विचारलं नाही.” माणसं आहेत की दगड!

पिंकनी लाजून बिटासारखा लाल झाला. “मी आपली मनापासून क्षमा मागतो, मिस्टर बॅराक्लफ.” मग अंडं काढलं. सोलता सोलता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “मग ती हिरव्या टोपीतली बाई राहिली. स्कारबरोच्या बसमध्ये चढली, हातात टोपीचा डबा. बसच्या कंडक्टरनं पाहिली होती.”

आणि बाबांनी हात वर केला. शाळेत पोरं करतात तसा. त्यांच्याबरोबर पिंकनीचाही हात वर गेला, अंडं छताला लागलं.

“मी चोरलं,” बाबा म्हणाले. “कालव्यात टाकलं.”

पिंकनी उभा राहायला गेला, खुर्ची मागे कलंडली आणि तो बाबांसकट भिंतीवर आदळला. भिंतीवरचा बँडचा फोटो खाली आला. चव्वेचाळीस सालचा, मोठ्या चौकटीतला. पिंकनी बरोबर त्याच्यावर बसला.

काच फुटली, पुठ्ठा निघाला. फ्लॉरी, तुला माहीत आहे त्या पुठ्ठ्यानं काय झाकलं होतं. चौकटीत घालताना फोटोची उजवी कड आत दुमडली होती. ती उलगडली आणि तू बाहेर आलीस. बाबांचा जुना गणवेश, डोक्यावर टोपी खाली ओढलेली, हातात कॉर्नेट.

“ही कोण?” पिंकनीनं विचारलं. जमिनीवर बसूनच.

“कोणी नाही,” बाबा म्हणाले.

कोणी नाही! हे ऐकलं आणि माझा तोल गेला. बारा वर्षं हेच ऐकते आहे मी या घरात. मग मी सांगितलं. हो, मीच सांगितलं, तुला राग येईल तर येऊ दे. सांगितलं की पुरुष लढाईवर होते तेव्हा ही माझी बहीण बँडमध्ये होती. स्पर्धेत परीक्षक तंबूत बसतात, चारी बाजूंनी पडदे लावून, कोण वाजवतंय ते दिसू नये म्हणून. त्यांनी नुसतं ऐकलं आणि सगळ्यांत चांगल्या वादकाचं बक्षीस एफ. बॅराक्लफला दिलं. ते हे चांदीचं कॉर्नेट. आणि ते घ्यायला मंचावर कोण गेलं? हॉर्सफॉल! बाई दिसली तर बँडची अब्रू जाईल म्हणे. लढाई संपली, पुरुष परतले, कमिटी बसली. बँडमध्ये बायका नकोत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. सगळ्यांनी केले. बाबांनीही. ही दारात उभी होती.

पिंकनी फोटो हातात धरून बाबांकडे पाहत राहिला. नंतर अगदी हळू म्हणाला, “तुम्हाला खोटं बोलता येत नाही, मिस्टर बॅराक्लफ.”

“तरी बोलणार,” बाबा म्हणाले.

आणि बोलतायत. काल पिंकनीनं कर्तव्य म्हणून कालवा शोधला, स्वतः दोनदा पडला आणि एक बाबागाडी घेऊन वर आला. लीड्सचा वरचा साहेब म्हणतो, कबुली आहे ना, मग झालं. कबुतरवाल्या चौघांना बाबांनी गप्प बसायला सांगितलंय आणि ते मठ्ठ गप्प बसणार. हॉर्सफॉल गावभर सांगत फिरतोय की वय बघू नका, तुरुंगात घाला. तो! त्यानं हे म्हणावं!

पिंकनी आज येऊन गेला. तुझा पत्ता त्यानं मागितला नाही. एवढंच म्हणाला, “आपली वस्तू आपण नेली तर ती चोरी होत नाही. पण हे मालकानं येऊन सांगावं लागतं. मॅजिस्ट्रेट सोमवारी दहाला बसतात.” निघताना छत्री माझ्या पडद्यात अडकवली आणि पडदा दांडीसकट घेऊन गेला. तरीही त्या मूर्खावर आता मला पूर्वीइतकं रागावता येत नाही, याचाच राग येतो.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. शनिवारी दुपारी मी मागच्या अंगणात गालिचा बडवत होते. खाणीकडून कॉर्नेटचा आवाज आला. चॅपलमधलं आईचं आवडतं भजन. बँड तर हडर्सफील्डला. आणि तिसऱ्या ओळीत सगळे श्वास घेतात तिथे न घेता पुढे जाणारं माणूस या खोऱ्यात एकच झालं. मी बडवणं थांबवलं. तू गावात आलीस, कुंडीखालची किल्ली घेतलीस, आपल्याच दारातून, आणि मी आत बटाटे सोलत असताना तू दार वाजवलं नाहीस. माझ्याशी तुझं काय भांडण होतं, फ्लॉरी? मी तर कुणाच्या कमिटीत नव्हते. हॉर्सफॉलच्या निरोपाचं तुला मीच कळवलं होतं ना? कॉर्नेट ने, खुशाल ने, पण एक कप चहा प्यायली नसतीस?

त्या संध्याकाळी बाबांनी ताटाला हात लावला नाही. मला वाटलं, एखादं कबुतर हरवलं असेल.

आज ठाण्यावर त्यांचा डबा घेऊन गेले. कोठडी कोरडी आहे, पण रात्री खोकला येतो त्यांना. मी खूप बोलले. म्हटलं, तुम्ही त्या वेळी बोलायला हवं होतं, आता खोटं बोलून काय मिळवताय? ते ऐकत होते. मग म्हणाले, “टेकडीवरून स्पष्ट ऐकू आलं गं. मला वाटलं होतं, मी तिचं वाजवणं बंद पाडलं. नाही पाडलं.” आणि माझ्यासमोर रडले. आईच्या वेळीही रडले नव्हते.

कॉर्नेट परत कर म्हणायला हे पत्र लिहीत नाही. ते तुझं आहे. त्यांना माफ कर असंही म्हणत नाही, ते तू आणि ते बघा. पण म्हातारा सोमवारी बायबलवर हात ठेवून खोटी शपथ घेणार आहे, जन्मात पहिल्यांदा, आणि त्याची सजा भोगणार आहे. तुला पोलिसांनी हात लावू नये एवढ्यासाठी. ते थांबवणं माझ्या हातात नाही. तुझ्या आहे.

रविवारी दुपारची गाडी पाचला इथे पोचते. आर्थरला आणलंस तरी चालेल. तुझी खोली मी आजच झाडली. आली नाहीस तर पुन्हा पत्र लिहिणार नाही, नाताळचं कार्डही नाही.

तुझ्यावर कधी नव्हे एवढी चिडलेली, आणि रविवारी पाचला स्टेशनवर उभी असणारी,
तुझी बहीण
एडा