अंगणातले ग्रॅनाईट

चौक, ता. खालापूर
वसुबारस, १९८५

तीर्थरूप श्रीपतमामांस हरीचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आता ट्रकचे धक्के सोसते का? मामींचा खोकला थांबला असेल असे धरून चालतो. इकडे सर्व ठीक आहे (म्हणजे कोणी आजारी नाही, बाकीचे पुढे लिहितो).

तुम्ही आमच्या कॉलेजातल्या सरांसाठी कर्नाटकातून सोन्याच्या खाणीजवळचे दगड आणून दिलेत, त्यांचेच हे रडगाणे. ग्रॅनाईट आधीचे की सोने असलेला दगड आधीचा, हे सरांना ठरवायचे आहे. (सोन्याचे नाव ऐकल्यापासून शेजारची सोनुबाई रोज डोकावते. ते डोळ्यांना दिसत नाही, हे सांगून मी थकलो.) माझे काम दगड कुटायचे, भुकटी धुवायची, वाळवायची. तिच्यात झिरकॉनचे साखरेहून बारीक दाणे असतात. दाण्यातल्या युरेनियमचे फार सावकाश शिसे होते. किती झाले ते मोजले की दगडाचे वय निघते. एका दगडाचा कणही दुसऱ्यात जाता कामा नये, म्हणून मी दर वेळी यंत्र ब्रशने घासतो आणि आंघोळ करतो (आंघोळीची गरज नाही, असे सर म्हणतात). हे काम बिनचूक झाले तर सर मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कायमचा लावून घेणार आहेत.

दगड कुटायच्या शेडमध्ये ऊन येत नाही म्हणून काल ग्रॅनाईटची गुलाबी भुकटी घरच्या अंगणात गोणपाटावर पसरली आणि जेवायला बसलो. हात धुवायला बाहेर येतो तो दारात रांगोळीचे हे भले मोठे कमळ! उरलेली भुकटी आळीत वाटूनही झाली होती.

"भावजी, कशेळ्याच्या बाजारात असला रंग मिळत नाय हो!" विमलवहिनी म्हणाल्या.

मी खरकट्या हातांनीच कमळाकडे धावलो. "वहिनी, ती माझी नोकरी हाय."

"मंग पाय नको रं देऊ तिच्यावर!" सोनुबाई ओरडली.

रात्रभर डोळा लागला नाही. मोठ्यांना आणखी काय लिहू?

आपला,
हरी

ता. क. पुढच्या फेरीला त्याच जागेवरून गोणीभर ग्रॅनाईट गुपचूप आणावे. वाटेत आपल्याकडचा काळा दगड उचलू नये. तो वयाने फार कोवळा आहे, लगेच पकडला जाईल.

दुसरा ता. क. पत्र पेटीत टाकण्याआधीच सर आले. मला खोटे बोलता येत नाही, घाम फुटतो. सगळे सांगितले. सर उकिडवे बसून कमळाभोवती फिरले. म्हणाले, आपल्या काळ्या दगडात झिरकॉन सहसा नसतो, तेव्हा माती धुऊन दाणे परत मिळतील. नोकरी वाचली. मात्र कमळ आणि त्याखालचे वीतभर अंगण खणून गोण्यांत गेले. शिवाय ताडून पाहायला, जिथे कमळ नव्हते तिथलीही एक गोणी. दिवाळीला दारात दोन खड्डे. वहिनींनी माझे ताट खड्ड्यापलीकडे वाढले आहे. तरी मामा, ग्रॅनाईट आणू नये. पाडव्याच्या आत ट्रकभर मुरूम आणावा. वय कितीही चालेल.