कचऱ्याच्या डब्याखालचा रुबार्ब

ती. एनिडताई,

क्लिफर्डचा वाकून नमस्कार (कंबर धरून वाकलोय, कारण पुढे येईल). तुझे गुडघे, तुझं मांजर आणि व्हिटबीचा वारा तिघंही शांत असतील अशी आशा करतो. मेव्हिस बरी आहे, हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर तू पत्र अर्धवट टाकून गाडीत बसशील.

नाताळात तिला न्यूमोनिया झाला ते तुला ठाऊकच आहे. हॉस्पिटलातून आली ती अन्नावरची वासना तिथेच ठेवून आली. सूप नको, पुडिंग नको (यॉर्कशरची बाई पुडिंग नको म्हणते, यावरून काय ते ओळख). डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की पोटात काही जाईना तर वसंत दिसणं कठीण आहे. मी फार घाबरलो, ताई. त्याच संध्याकाळी ती म्हणाली की साखरेत शिजवलेले रुबार्बचे आंबट दांडे आणि कस्टर्ड असतं तर दोन घास खाल्ले असते.

मी बाजारातून गुलाबी दांडे आणले. घरोघरी परसात रुबार्ब असताना आपल्या गल्लीत तो विकत आणणं म्हणजे अब्रूचा प्रश्न, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून, कोटाखाली लपवून आणले. एक चमचा तोंडात घालून तिनं वाटी सरकवली. "हा दुकानातला आहे. मामंजींच्या गड्ड्याचा हवा."

आता बाबांनी परसात लावलेला तो रुबार्बचा गड्डा मी मागच्याच हिवाळ्यात झाकून, अंधारात कोंडून लवकर फुटायला लावला होता. असा राबवलेला गड्डा पुढे दोन वर्षं नुसता विसावा घेतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. शेजारच्या पर्सीला तर जरा जास्तच कळतं. मी परसात गड्ड्यावर कचऱ्याचा डबा उपडा घालू लागलो तसा तो कुंपणावर टेकून म्हणाला, "क्लिफ, तुझा बाप असता तर त्याच डब्यात तुला घातलं असतं." मी म्हटलं, बाप असता तर डबा त्यानंच आणून दिला असता, सून त्याची लाडकी होती. मग ऊब राहावी म्हणून डब्याभोवती घोड्याची लीद रचली (कंबर तिथे गेली).

पुढे कचरेवाले आले आणि सवयीनं डबा उचलला. मी पायजम्यावर धावलो. पण आत कोवळे कोंब दिसताच त्यातल्या थोराड गड्यानं डबा जपून, तान्ह्या पोराला पांघरूण घालावं तसा परत ठेवला आणि आल्यापावली गेला. आमचा कचरा तेव्हापासून कोळशाच्या खोलीत साठतोय.

शेवटी दांडे निघाले, बोटाएवढे बारीक, पण बाबांचे. मी शिजवत होतो आणि मेव्हिस वरून ओरडून सूचना देत होती: पाणी घालू नकोस, आलं किस, ढवळत बसू नकोस. कस्टर्डात गुठळ्या झाल्या. तिनं गुठळ्यांसकट वाटी चाटूनपुसून साफ केली आणि म्हणाली, "साखर घालताना हात दुखला का रे?" मी खाली येऊन स्वयंपाकघरात रडलो. त्या दिवसापासून ती जेवतेय.

तुझा धाकटा,
क्लिफर्ड

ता. क. खरं काम असं की गड्डा मेला. बोट लावलं तर लगदा होतो. बाबांच्या गड्ड्याचा फोडून दिलेला दुसरा अर्धा तुझ्याकडे आहे. त्याचा एक तुकडा ओल्या गोणपाटात बांधून पाठव. मेव्हिस अजून जिना उतरत नाही. ती उतरायच्या आत लावून टाकतो, म्हणजे तिला कळणार नाही.

ता. क. वन्सं, हे मी मेव्हिस लिहितेय. तुमचे बंधू खुर्चीत घोरताहेत आणि मी आज पहिल्यांदा जिना उतरले. गड्डा मेलाय हे वरच्या खिडकीतून मला कधीच दिसलंय. डॉक्टर जिन्यात काय म्हणाले ते तेवढं आत्ता या पत्रात वाचलं. तुकडा लहान पाठवू नका, चांगला दोन डोळ्यांचा पाठवा. नवा लावलेला रुबार्ब दोन वर्षं तोडायचा नसतो. मी थांबणार आहे.