चिंधी बांधलेला डाव

आबा, आज तुमचा कॉम्प्युटर उघडला. कुणाला विचारून, असं तुम्ही लगेच म्हणाला असता, तर आईला विचारून. तीच मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "तुझ्या आबांचं मशीन दात खायला लागलंय गं. मधीच थांबतंय, मधीच कटकट करतंय. एकदा येऊन बघ." तुम्हाला जाऊन बारा वर्षं होऊन गेली, तरी ते मशीन अजून तुमचंच आहे. घरातला टीव्ही आईचा, फ्रिज आईचा, आणि खिडकीखालच्या टेबलावरचा तो काळा डबा आबांचा. दिवाळीत मी लॅपटॉप आणून देते म्हटलं, तर तिनं कडू काढा प्यायल्यासारखं तोंड केलं. मी विषयच सोडून दिला.

कटकट म्हणताच माझ्या ध्यानात आलं होतं. बारामतीच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटरची लॅब सांभाळते, माझं पोटच असल्या कटकटीवर आहे. आत हार्ड डिस्क असते, कॉम्प्युटरचं सगळं तिच्यावर साठवलेलं. तिच्यात एक तबकडी गरगर फिरत असते. वय झालं की ती अडखळते आणि एक दिवस कायमची बसते. तिच्या जागी आता एसएसडी लावतात. पत्त्याच्या कॅटाएवढी, पण त्याहून चपटी डबी. आज सकाळी ती पर्समध्ये टाकून मी एसटीनं इंदापूरला आले. आईनं ती हातावर तोलून पाहिली. "एवढीशी? ह्यात मावंल का सगळं?"

"मावून उरेल."

"आन् आत काय फिरतंय?"

"काहीच नाही. म्हणून तर बिघडत नाही लवकर."

"मग तुझ्या आबांनी हिला मशीन म्हटलं नसतं," आई म्हणाली, आणि ते खरं आहे. जे फिरत नाही, तापत नाही, तेल मागत नाही, त्याच्यावर तुमचा विश्वास कधी बसला नाही. माझ्या नवऱ्याबद्दलही पहिल्यांदा तुम्ही साधारण हेच म्हणाला होता.

झाकण काढलं तर आत धुळीची गादी, आणि त्या धुळीत हळदीकुंकू. खंडेनवमीला पाने, हातोडे, पकडी सगळं पाटावर मांडून तुम्ही पूजा करायचा, त्यात ह्या डब्यालाही कुंकू लावायचा आणि अक्षता टाकायचा. पंख्याच्या जाळीवरच टाकायचा. तुमच्यामागं आईनं ती रीत सोडलेली नाही. पंख्यानं ते इतकी वर्षं इमानानं आत ओढून घेतलंय. कॉलेजात कुणी असलं काही केलं असतं तर मी त्याला धारेवर धरलं असतं. इथं मी ब्रशनं धूळ काढत होते आणि कुंकवाला ब्रश लावायला हात धजत नव्हता. शेवटी पंख्यावरचं तेवढं साफ केलं आणि कोपऱ्यातलं राहू दिलं.

एरवी हे काम माझ्या हातचा मळ. नवीन डबी लावायची, नवीन सिस्टीम टाकायची, जुनी डिस्क पुसून भंगारात. पण इथं तसं करता येणार नव्हतं, कारण त्या डिस्कवर तुमचा डाव होता.

कारखान्यातून रिटायर झाल्यावर वालचंदनगरचं क्वार्टर सोडून तुम्ही दोघं इथं आलात, आणि शेताच्या नोंदी ठेवायच्या म्हणून तुम्ही कॉम्प्युटर घेतलात. नोंद एकही झाली नाही. झाले ते पत्ते. दुपारची झोप झाली की बटण दाबायचं, मशीन जागं होईपर्यंत आईनं चहा टाकायचा, आणि चहा आला की एकट्यानं खेळायचा तो पत्त्यांचा डाव मांडून बसायचं. आई मागं उभी राहून म्हणायची, "ती सत्ती उचला की." आणि तुम्ही मान न वळवता, "तू गप गं. माझी पाळी चालू हाय." त्या शेवटच्या दुपारीही तुम्ही खेळत होता. दुसऱ्या दिवशी मी येणार होते म्हणून मध्येच उठलात, भिगवणहून मासे आणतो म्हणालात. इंदापुरात मासे मिळत नाहीत असं नाही, पण धरणाच्या काठावर घेतला तोच ताजा, हा तुमचा हेका. मशीननं विचारलं, डाव जपून ठेवू का? तुम्ही हो म्हणालात, रीतसर सगळं बंद केलंत आणि गेलात. भिगवणच्या स्टँडवर छातीत कळ आली. मासे घेऊन झाले होते, हे आम्हाला नंतर कळलं.

तेव्हापासून तो डाव तसाच आहे. आई रोज दुपारी बटण दाबते, चहा टाकते, डाव उघडते, चहा पिईपर्यंत त्याच्याकडं बघत बसते, आणि जपून ठेव म्हणून बंद करते. एकही पान हलवत नाही. मीही आले की पायातल्या चपला काढायच्या आधी तेच बघते. इस्पिकची नव्वी उघडी आहे, शेजारच्या ओळीत चौकटची दश्शी मोकळी आहे. नव्वी दश्शीवर जाते, हे शेंबडं पोरही सांगेल. नव्वीच्या खाली एक पान पालथं आहे. ते कुठलं, हे आम्हाला बारा वर्षं माहीत नाही. नवीन सिस्टीम टाकली तर पत्त्यांचे खेळ शंभर मिळतील, पण हा मिळणार नाही. म्हणून जुन्या डिस्कची नवीवर जशीच्या तशी नक्कल उतरवायची, आणि तीही म्हातारी डिस्क धाप लागून मध्येच बसायच्या आत.

नक्कल करताना दोन्ही डिस्का एकदम जोडाव्या लागतात, आणि मशीन विचारतं, कुठली कुठलीवर उतरवू? उलटं सांगितलं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं धुऊन निघतं. माझ्या हातून असं कधी झालेलं नाही. तरी आज मी माऊसवरचा हात काढून घेतला. स्क्रीनवर दोन आकडेवजा नावं होती, आणि ती रोज वाचणारी मी, मला ती एकसारखी दिसायला लागली. मग मी उठले, आईच्या जुन्या पातळाची चिंधी फाडून आणली आणि जुन्या डिस्कच्या वायरीला बांधली. आई दारातून बघत होती.

ती चिंधी तुमची, आबा. कारखान्यात मोठ्या गिअरबॉक्सच्या झाकणाला चहूबाजूंनी बोल्ट असायचे. ते आवळता आवळता भोंगा झाला की पाळी बदलायची. निम्मे आवळलेले, निम्मे नुसते बोटानं धरलेले, आणि वरून सगळे सारखेच दिसणारे. मग जिथून पुढं काम राहिलंय त्या बोल्टला तुम्ही चिंधी बांधून यायचा. दुसऱ्या पाळीच्या माणसाला काही सांगावं लागत नसे. त्यातही तुमची एक खोड होती. अवघड बोल्टला चिंधी बांधायची नाही. तो आपण उरकायचा आणि सोप्यावर थांबायचं. "त्यो बिचारा नुकता जेवून येतोय," तुम्ही म्हणायचा, "पयलाच बोल्ट अडला तर पाळीभर मला शिव्या घालंल." घरीही तेच. खाटेच्या पायाला चिंधी, नळाला चिंधी. शेजारणीला वाटायचं आईनं नवस बोललाय.

आणि माझी सायकल. मागचं चाक बसवता बसवता तुम्ही जेवायला उठलात, नटाला चिंधी बांधून. मैत्रिणींपुढं असली ध्वजा लावलेली सायकल कशी न्यायची, म्हणून मी ती सोडून फेकली आणि सुटले. कालव्याच्या पुलावर चाक निखळलं आणि मी तोंडावर आपटले. तुम्ही मारलं नाहीत. जखम धुतलीत, हळद दाबलीत, आणि मग शांतपणे म्हणालात, "चिंधी सोडायची आसंल तर फुडचं काम करायचं. नुसती सोडायची न्हाय." तुमच्या त्या शांत आवाजाची मला मारापेक्षा जास्त भीती वाटायची. अजून वाटते.

नक्कल सुरू झाली. जुनी डिस्क कण्हत होती. निम्म्याच्या पुढं गेल्यावर कटकट वाढली आणि स्क्रीनवरची, किती काम झालं ते दाखवणारी पट्टी हलेचना. आई माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली. "बसली का गं?" मी म्हटलं, "थांब जरा." दुसरं म्हणणार काय? डिस्कवर कुठंतरी ओरखडा होता, तिथलं तिला वाचता येत नव्हतं. तिथं नेमकं काय आहे, कुठला फोटो, कुठला डाव, ते कळायला मार्ग नाही. मला तुम्ही गेलेल्या दिवशी रडू आलं नव्हतं, सगळी धावपळच होती. आज त्या न हलणाऱ्या पट्टीसमोर यायला लागलं. तेवढ्यात ती हलली. आई म्हणाली, "चिवट हाय. घरातल्या माणसांसारखी."

नवीन डबी जागेवर बसवताना स्क्रू आधी बोटानंच धरले, मग स्क्रूड्रायव्हर लावला. ही सवय तुमची. जुनीची वायर काढून नवीला दिली, बटण दाबलं, तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: चालू करायला डिस्क सापडत नाही. आईनं पदर तोंडाला लावला. काही नाही, मशीन अजून जुनीलाच शोधत होतं. त्याला सांगावं लागतं की ती आता नाही, हिच्यापासून सुरुवात कर. तेवढं सांगितलं आणि पुन्हा बटण दाबलं.

आई सवयीनं चहा टाकायला वळली. पातेलं गॅसवर ठेवते तोच मी हाक मारली. ती तशीच परत आली, हातात साखरेचा डबा. "झालं चालू? आगं, पाणीबी तापलं न्हाय अजून!" मी खेळ उघडला. जुना डाव पुढं चालवायचा का, त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. तुमचा डाव समोर आला, नव्वी जागेवर, दश्शी जागेवर. आम्ही दोघी बघत राहिलो. चहा नव्हता, त्यामुळं हातांना काही कामच नव्हतं.

"नव्वी दश्शीवर जाती," आई म्हणाली.

"तुला दिसलं होतं?"

"पयल्या दिवसापासनं. आंधळी हाय व्हय मी?"

"मग हलवली का नाहीस?"

"तुझ्यासाठी." साखरेचा डबा तिनं टेबलावर ठेवला. "तू येतीस, चपला काढायच्या आधी हितं येतीस. म्हटलं, पोरीनं बापाला हितं ठिवलंय, आपण कशाला हात लावा."

आबा, मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. मी आज सकाळपासून जीव मुठीत धरून बसले होते ते तिच्यासाठी. तिची दुपार जाऊ नये म्हणून. मी तसं बोलून दाखवलं. मग तिची नजर टेबलावर पडलेल्या जुन्या डिस्ककडं गेली, चिंधीकडं.

"चिंधी कशाला बांधायचं तुझं आबा?"

"पुढच्या पाळीसाठी."

"मग सरक," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून माऊस हातात घेतला. "आता माझी पाळी."

तिनं नव्वी उचलून दश्शीवर ठेवली. खालचं पान उलटलं. किलवरची पंजी. कुठंच न लागणारी. तरी आई खेळत राहिली, मी मागं उभी राहून ती सत्ती उचल म्हणत राहिले, आणि ती मला गप म्हणत राहिली. थोड्या वेळानं डाव पुरता अडला. तिनं सगळीकडं बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, "बघ. हरायला लागलं की तुझ्या आबांना मासं आठवायचं." त्यावर आम्ही इतक्या हसलो की दोघींच्याही डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते मग लवकर थांबलं नाही. चहाचं पाणी उतू गेलं. ते पुसून झाल्यावर तिनं नवीन डाव मांडला.

आता एसटीत बसले आहे आणि हे फोनवर लिहिते आहे. कुठं पाठवायचं नाही, म्हणून अक्षरांच्या चुका तशाच ठेवते. निघताना आईनं विचारलं, त्या जुनीचं काय करशील? मी म्हटलं, भंगारात देईन. खोटं बोलले. ती माझ्या पर्समध्ये आहे. नक्कल उतरवली तरी मूळ जिथल्या तिथंच राहतं, हे आईला मी सांगितलं नाही. तिच्यावर नव्वी अजून जागेवर आहे, खालचं पान पालथं आहे आणि तुम्ही मासे आणायला उठला आहात. नुसती सोडायची नाही म्हणाला होता ना? मी सोडलेलीच नाही, आबा. चिंधी तशीच बांधलेली आहे.