काचेमागून

नेरूळ, ८ ऑगस्ट १९९६

तीर्थरूप आईस,

तुझ्या लेकीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. पाचवा लागलाय. तू पाठवलेली आवळासुपारी संपत आली. बाबांचा खोकला थांबला का?

एक्स-रेचं काम सोड, असं तू पुन्हा लिहिलंस. अगं, कुणाला किती किरण लागतात ते मोजणं, हेच तर माझं काम. माझ्या छातीवरचा किरण मोजणारा बिल्लाही दर महिन्याला तपासून येतो, त्यात काही निघत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात मोऱ्यांची सून मथुरा आली होती, सासूला घेऊन. आमच्याकडेच आधी तिच्या पोटाचा एक्स-रे फोटो काढला होता आणि मग तिला कळलं, दिवस गेलेत. आता मूल अधू निपजणार, अशी शेजारणींनी भीती घातलेली. मी नीट हिशेब केला. म्हटलं, एवढ्याशाने बाळाला काही होत नाही.

सासू म्हणाली, "काय व्हनार नाय, तं फोटो काढताना तुमी काचेच्या मागं कशाला उभ्या ऱ्हाता?"

मी समजावलं, मावशी, हिचा एकच फोटो, आम्ही इथे दिवसभर असतो. मथुराला पटत होतं बहुतेक. ती सारखी माझ्या पोटाकडे बघत होती. पण सासू उठली, तशी तीही मागोमाग निघाली.

काल कळलं, त्यांनी मूल पाडून घेतलं.

जेवण जात नाही, पण जेवते. काळजी करू नकोस.

माझ्या बाळाला काही होणार नाही, आई. मी मोजून सांगतेय. तू तरी माझं खरं मान.

तुझी,
क्षिप्रा