दोघांत एकच यंत्र

३ सप्टेंबर, रविवार

दिवसभर धातू शोधायचं यंत्र फिरवून मिळालं काय? दोन वाकडे खिळे, शिशाचा एक गोळा आणि कुणाच्या तरी कोटाचं पितळी बटण. बटणावर जहाजाचा नांगर कोरलाय. समुद्र इथून एवढा लांब, आणि हा खलाशी थर्टलच्या गव्हाच्या शेतात काय करत होता देव जाणे! शेजारचा सिरिल म्हणाला, ठेव तुला. ठेवलं, खिडकीत, लेनर्डच्या चष्म्याशेजारी.

पाठ पार मोडलीय. पण रविवार गेला, हे महत्त्वाचं. लेनर्ड गेल्यापासून आठवड्यातले सहा दिवस कसेही ढकलता येतात, रविवार ढकलता येत नाही. चर्च सुटलं की सगळे आपापल्या घरी जेवायला जातात आणि मी एका माणसापुरता बटाटा सोलत बसते.

ऑगस्टमध्ये सिरिल दारात उभा राहिला तेव्हा टोपी हातात घेऊन म्हणाला होता, "गुडघा गेला माझा. यंत्र फिरवता येतं, पण खाली बसून खणता येत नाही. तुझ्याकडे फावडं आहे ना?" फावडं लेनर्डचं. मी म्हटलं, फावडं आहे, पण ते एकटं येणार नाही. तो हसला. तेव्हापासून हे चाललंय.

१० सप्टेंबर, रविवार

आज काहीच नाही. म्हणजे खिळे.

तो पुढे, कानाला हेडफोन, हातातल्या यंत्राची थाळी धसकटांवरून हळूहळू डावीकडून उजवीकडे. मी मागे, खांद्यावर फावडं. तो थांबला, पायाने खूण केली, की मी खणायचं. हिरवळ असली तर ढेकूळ नीट कापून बाजूला, काम झालं की पुन्हा जागच्या जागी बसवून पायाने दाबायचं. कुणी येऊन गेलं हे कळताच कामा नये. यावर तो फार कडक आहे. सापडलेलं हातात आलं की हेडफोन गळ्यात उतरतात आणि मग गप्पा. खिळा असला तरी गप्पा! तो कुठल्या गाडीचा, घोड्याच्या नालेचा की दाराचा. मग लेनर्डचा विषय निघतो. दोघं बीटच्या साखर कारखान्यात एकाच पाळीला होते. लेनर्डबद्दल माझ्याशी बोलणारं आता दुसरं कोण उरलंय?

घरी येताना म्हणाला, "थेल्मा, तू स्वतःचं यंत्र का घेत नाहीस?"

मी म्हटलं, बघू.

१२ सप्टेंबर, मंगळवार

गावातल्या दुकानात पाव आणायला गेले. पॉलीन गल्ल्यावर. तिला सहज बोलून गेले की यंत्र घेण्याचा विचार आहे. तिचं तोंड तर ठाऊकच आहे! "अगं, यंत्र कशाला, सरळ सिरिललाच घे. तो जास्त दिवस टिकेल." मागे उभा असलेला पोस्टमनही हसला. मी पाव विसरून आले.

१७ सप्टेंबर, रविवार

मोठ्या तळ्यापलीकडच्या शेतात आज यंत्रवाल्यांच्या क्लबातले दोघे आले होते. मित्र आहेत म्हणे, शाळेपासूनचे. दोघांची दोन यंत्रं. एक या कुंपणाशी, दुसरा त्या कुंपणाशी, दोघांच्या कानाला हेडफोन, माना खाली. अख्खी सकाळ गेली, एकमेकांना हात नाही की हाक नाही. जाताना गाडीत एकत्र बसले म्हणून कळलं, बरोबर आले होते.

मी बघत राहिले. यंत्र घेतलं की मीही तशीच. सिरिल या टोकाला, मी त्या टोकाला. कुणाचा खिळा कुठल्या दाराचा, हे विचारायलाही मध्ये सगळं शेत ओलांडावं लागणार.

घ्यायचं नाही. ठरलं.

आज काही मिळालं नाही. सिरिलला दोनदा हाक मारली तेव्हा त्याने एकदा ओ दिली. हेडफोन गळ्यात होते तरी.

२४ सप्टेंबर, रविवार

पुन्हा तेच! आज तर यंत्रांच्या चित्रांचं पुस्तकच घेऊन आला. डब्यातले सॉसेज रोल खाता खाता पानं उलटत होता. हे हलकं आहे, हे तुझ्या हाताला बसेल, हे पावसात चालतं. मी म्हटलं, मला तुझ्यामागे खणायला बरं वाटतं. त्यावर म्हणतो, "माझ्यामागे फिरून तुला काय मिळणार आहे?"

नाकाला मिरच्या झोंबल्या.

घरी आल्यावर विचार केला. माणूस इतका मागे लागतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं. त्याला एकटं फिरायचं असेल. तीस वर्षं तो एकटाच फिरत आला आहे. मी त्याच्या गळ्यात पडलेय, आणि त्याला तसं तोंडावर सांगवत नाही. म्हणून हे पुस्तक!

२८ सप्टेंबर, गुरुवार

पर्थहून इयनचा फोन. वाढदिवसाला पैसे पाठवलेत, स्वतःसाठी काहीतरी घे म्हणाला. यंत्राचं सांगितलं तर खूश झाला. "घे ना आई! मोकळ्या हवेत फिरशील, माणसं भेटतील." माणसं! नातवाला फोनवर बोलावलं, तो "हाय ग्रॅन" म्हणून पळाला. मग तिकडे कुत्रा भुंकला आणि फोन संपला.

१ ऑक्टोबर, रविवार

काय दिवस!

थर्टलने तळ्याजवळचं शेत नांगरलंय. सिरिल ओढ्याच्या कडेने एक पट्टा पूर्ण फिरून आला. काही नाही. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिले. "तूच कर आज. सवय होऊ दे." मला कुरकुर करायची होती, पण घातले. लोखंड आलं की यंत्र कसं घोगरं खाकरतं ते त्याच्या हेडफोनमधून ऐकून मला तोपर्यंत ठाऊक झालं होतं. मी त्याच पट्ट्यावर उलटी निघाले, नुसती सवय म्हणून. आणि कानात एकदम चिमणी बोलली. बारीक, उंच, स्वच्छ. पुन्हा फिरवलं, पुन्हा बोलली. मी हेडफोनची तार उपसून काढली, म्हणजे त्यालाही ऐकू येईल. "सिरिल, हे काय आहे?" तो थाळीकडे बघत होता. मग माझ्याकडे. "कुठे काय आहे?"

खणलं. नखाएवढं, वाळल्या पानासारखं पातळ चांदीचं नाणं. हातोडीने ठोकून केलेलं, एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला लांब क्रूस. सातशे वर्षांपूर्वीचं असेल, सिरिल म्हणाला. मी नाचलेच! या वयात, ढेकळांत!

तो नाचला नाही. नाणं उलटसुलट केलं, मला परत दिलं, थर्टलला दाखव म्हणाला, अर्धा वाटा त्याचा. मग डबा न उघडताच घरी चल म्हणाला. दहा मिनिटांपूर्वी तो त्याच जागेवरून गेला होता. त्याचं राहिलं आणि मला मिळालं, हे लागलं असणार. पुरुष सगळे सारखे! लेनर्डही पत्त्यांत हरला की असाच करायचा.

८ ऑक्टोबर, रविवार

आला नाही. गुडघा दुखतोय, असा निरोप.

९ ऑक्टोबर, सोमवार

गुडघा दुखणारा माणूस आज सकाळी शिडीवर चढून पन्हळ साफ करत होता. माझ्या खिडकीतून स्पष्ट दिसलं.

१५ ऑक्टोबर, रविवार

आजही नाही. निरोपही नाही.

चर्च झालं. कोंबडी भाजली. एका माणसाला कोंबडी म्हणजे गुरुवारपर्यंत कोंबडी. ताट दिवाणखान्यात घेऊन बसले, मग उठून स्वयंपाकघरात बसले, मग खिडकीशी. घरभर फिरून जेवले. रेडिओवर कुणीतरी बागेतल्या गुलाबांच्या छाटणीबद्दल बोलत होतं, त्यालाच "हो का?" म्हटलं. स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. घरात तो शुक्रवारनंतर पहिल्यांदा ऐकला होता.

फावडं दाराशी उभं आहे. लेनर्ड गेला तेव्हा लोक आले, केक आणले, हात धरले. सिरिल येत नाही तेव्हा कुणाला काय सांगायचं? शेजारचा माणूस खणायला बोलावत नाही म्हणून रडते, असं?

रडले मात्र.

१८ ऑक्टोबर, बुधवार

ठरलं. घेणार. कुणाच्या मागे फिरायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. त्या टोकाला तर त्या टोकाला.

पण यंत्र घेऊन फिरायचं कुठे? शेत लागतं, आणि शेताला मालकाचा होकार लागतो. तो नावावर असतो, समोर जाऊन, हात मिळवून मागायचा असतो. यंत्रवाले आपलं शेत कुठलं ते सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. सिरिलला थर्टलच्या बापाने होकार दिला होता. मी नुसती खणणारी, मला कोण विचारतो!

१९ ऑक्टोबर, गुरुवार

नाण्याच्या निमित्ताने थर्टलकडे गेले. पोरगाच आहे अजून, चाळिशीचा, गोठ्याच्या दाराशी बूट धूत होता. नाणं बघून शीळ घातली, तुमच्याकडेच राहू द्या म्हणाला. मी घसा साफ करून विचारलं, मला एकटीला यायचं असेल तर तुमची हरकत आहे का?

"तुम्हीच तर याल आता," तो म्हणाला. "सिरिल पंधरा दिवसांपूर्वी येऊन गेला. म्हणाला, माझं नाव काढ, थेल्माचं घाल. बाबांनी त्याला दिलेलं शेत! मी म्हटलं, अरे, दोघंही या की. तर म्हणाला, नको, मी आता बंद केलं."

पंधरा दिवसांपूर्वी. म्हणजे नाणं मिळालं त्याच आठवड्यात.

मला काही समजेना. रुसलेला माणूस शेत देऊन टाकतो? जन्मभर सांभाळलेलं?

२१ ऑक्टोबर, शनिवार

बसने शहरात, यंत्रांच्या दुकानात. मालक दाढीवाला, बोलका. गालिच्याच्या तुकड्यावर एक खिळा, एक शिशाची गोळी आणि एक चांदीचं नाणं मांडून ठेवलं होतं. यंत्र हातात दिलं. खिळा खाकरला, शिसं मधल्या पट्टीत गुणगुणलं, चांदी चिमणीसारखी बोलली. मी म्हटलं, ही मला ओळखू येते. तो म्हणाला, "नशीबवान आहात. वय झालं की कानातून आधी हाच उंच आवाज जातो. आमची कितीतरी जुनी गिऱ्हाइकं येऊन भांडतात, यंत्र बिघडलंय, नुसते खिळे आणि शिसं दाखवतं. यंत्र ठणठणीत असतं."

खिळे आणि शिसं.

यंत्र त्याच्या हातात परत दिलं. तो काहीतरी बोलत होता, सवलतीचं. मी बाहेर येऊन बसथांब्यावर बसले. दोन हाकांना एक ओ. "कुठे काय आहे?" भर शेतात, मोठ्या आवाजात वाजत होतं ते, आणि तो थाळीकडे नुसता बघत होता. किती मूर्ख मी! आणि वर म्हणे, पुरुष सगळे सारखे.

२२ ऑक्टोबर, रविवार

सिरिलच्या दारावर गेले. घंटा वाजवली नाही, दारावर मूठ मारली. उघडलं. दाढी वाढलेली, चहाचा पेला हातात. यंत्र मागे कोपऱ्यात, जुनी चादर पांघरून.

मी म्हटलं, "कधीपासून ऐकू येत नाही?"

वाटलं होतं, उडवून लावेल. तो पेल्यात बघत म्हणाला, "मे महिन्यात नर्सने तपासलं. बोललेलं येतं बहुतेक. चांदी येत नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? माझ्यामागे फिरून तुला खिळेच मिळणार होते. तू यंत्र घेतलं असतंस तर तुझं तुला मिळालं असतं, सांगावंही लागलं नसतं. मग ते नाणं निघालं. त्याच्यावरून मी चालत गेलो होतो, थेल्मा."

मी विचारलं, मे महिन्यातच कळलं होतं, तर ऑगस्टमध्ये मला कशाला बोलावलंस? चांदी ऐकू न येणारा माणूस दर रविवारी शेतात जातो कशाला?

"गुडघा," तो म्हणाला. "खणायला कोणीतरी हवं होतं."

हे काही उत्तर नव्हे. पण चहा ओतत होता, म्हणून सोडलं. निघताना सांगितलं, पुढच्या रविवारी तयार राहा. थर्टलला मी सांगते, नाव दोघांचं राहील.

यंत्र घ्यायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

तळ्याकडच्या शेतात पेरणी झाली, म्हणून मागचं लहान शेत. हेडफोन माझ्या कानाला. फावडं त्याने माझ्या हातून ओढूनच घेतलं. चिमणी बोलली, मी पायाने खूण केली. सिरिल टुणकन गुडघ्यांवर बसला, ढेकूळ कापून बाजूला ठेवलं, खणलं, चाळलं, छोटीशी चांदीची कडी माझ्या तळहातावर ठेवली, खड्डा बुजवला आणि कशालाही हात न टेकता उभा राहिला.

मी हेडफोन काढले. "आणि तुझा गुडघा?"

त्याला नीट ऐकू गेलं. कान लाल झाले त्याचे. "डबा उघड," म्हणाला.

यंत्र घेत नाही.