स्नूक, बोबोटी आणि खाडीचं पाणी

१४ एप्रिल, सायं. ५
ईस्टरची सुट्टी संपवून लेक रोझलिन केपटाउनला कॉलेजात परत गेली. हॉस्टेल टाकी ठेवू देत नाही, म्हणून तिचे दोन समुद्रघोडे जूनपर्यंत माझ्या ताब्यात. नर स्नूक, मादी बोबोटी. (नावं तिचीच. जेवणात खातो त्या माशाचं नि खिम्याच्या पदार्थाचं नाव मी पाळीव प्राण्यांना दिलं नसतं.) टाकीवर चिठ्ठी आहे : पाणी २४ अंश. डॅडीने हिटरला हात लावू नये.

आमच्याकडे मुलं वडिलांना तू म्हणत नाहीत, तुम्ही तर नाहीच. तोंडावरही, तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं, डॅडीच म्हणतात. त्यामुळे चिठ्ठी नेमकी कुठल्या डॅडीबद्दल आहे, हे सांगणं कठीण.

१७ एप्रिल
शाळेचा थर्मामीटर घेऊन धक्क्यावर गेलो. वीस वर्षं भूगोल शिकवतो, मोजल्याशिवाय मत देत नाही. खाडी : १७. आपल्या नाइझ्ना गावाच्या पाट्यांवर, रग्बीच्या जर्सीवर, बेकरीच्या पिशवीवर समुद्रघोडा. त्यातला एक तरी २४ अंशांत राहतो का? मग या दोघांना उकडायचा मला काय अधिकार?
बायको मर्ल म्हणाली, अरे ऑल्विन, ते इथले नाहीत. डर्बनहून कुरिअरने आलेत, गरम पाण्यातले आहेत.
मी म्हणालो, यापुढे इथलेच.
संकल्प : दर आठवड्याला एक अंश कमी. घाई नाही.

२४ एप्रिल
२३. स्नूकने जेवण पूर्ण संपवलं. हसल्यासारखा वाटला. प्रामाणिकपणे लिहायचं तर त्याचं तोंड नळीसारखं आहे, त्यामुळे खात्री साठ टक्केच.

८ मे
२१. दोघांनी गोठवलेला जवळा निम्मा टाकला. कारण उघड आहे, रोझलिन त्यांना जास्त भरवत असणार. चर्चच्या हॉलमध्ये व्याख्यान ठरवलं : 'नव्या पाण्यात रुळताना'. चाळीस खुर्च्या सांगितल्या. मर्लने विचारलं, समुद्रघोडेही बसणार आहेत का?

१५ मे
२०. शेजारचे ऊम डॅनी, म्हणजे डॅनीकाका, आले. चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर होते. न विचारता बाही वर करून कोपर टाकीत घातलं, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. म्हणाले, पोरा, यात मी माझे पायसुद्धा धुणार नाही.
किती अंश वाटतात, मी विचारलं.
म्हणाले, कोपराला आकडे येत नाहीत. थंडी कळते.
भला माणूस, पण शास्त्रीय दृष्टी नाही.
संकल्प : रविवारी रोझलिनला सगळं सांगायचं.

२१ मे, रविवार
तिचाच फोन आला. विचारलं, डॅडी बरा आहे ना? म्हणालो, डॅडी उत्तम आहे. हे खोटं नव्हे. तिने घोड्यांबद्दल विचारलंच नाही. तरी दोन तास विचार केला. मर्ल म्हणाली, पोरीचा विश्वास आहे म्हणून नाही विचारलं. हा मुद्दा मला सुचला नव्हता. पुढच्या रविवारी नक्की.

२८ मे, रविवार
फोन लागत नव्हता. (लावला नाही.)

२९ मे
१८. विजय! आता एकच अंश बाकी.

त्याच दिवशी, सायं. ६.३५
भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे सहाला वीज गेली, आठला येणार. हिटर बंद. १७. खाडीइतकंच, म्हणजे उत्तमच.

७.१०
१६. बोबोटीची शेपूट रोपावरून सुटली. स्नूक तळाशी आडवा.

८.३०
मर्ल ओट्यावरून ओरडली, ऊम डॅनी, ते मरतायत! ते स्वतःच्या गॅसवर पाणी तापवून किटली घेऊनच आले. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून एकेक टाकीत सोडली. एक काढ, दुसरी टाक, मध्ये कोपर. मी दर मिनिटाला आकडा मोठ्याने वाचत होतो. ऊम डॅनी म्हणाले, तू आकडे वाच, पण मनात वाच.
आठच्या सुमाराला स्नूकने शेपटीने त्यांच्या बोटाला विळखा घातला. माझं बोट दोन इंच दूर होतं. हातात थर्मामीटर असल्यामुळे.

३० मे
हिटर पुन्हा २४ वर. ही माघार नव्हे, विश्रांती. खुर्च्या परत केल्या. रोझलिनला मेसेज लिहिला, दोनदा दुरुस्त केला, जपून ठेवला.

१७ जून
रोझलिन बसने आली. खांद्यावरची बॅग न उतरवता टाकीपाशी गेली. स्नूकचं पोट खपाटीला गेलं होतं. मर्लने एका दमात सगळं सांगितलं. रोझलिन ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू म्हणाली, डॅडीने असं का केलं?
कुठला डॅडी, ही शंका आज आली नाही. चार पानांचं उत्तर तयार होतं. ते दिलं नाही. चुकलो म्हणालो. ती म्हणाली, हो.

२४ जून, सायं. ५.१५
टाकी आता ऊम डॅनींकडे. सुट्टीनंतरही तिथेच राहणार, असं रोझलिनने ठरवलंय. मला चार ते पाच भेटायची परवानगी. हात मांडीवर ठेवायचे.
आज मी बसल्याबसल्या स्नूक सरळ काचेपाशी आला. एक डोळा वळवून माझ्याकडे पाहत राहिला. ऊम डॅनींना म्हणालो, बघा, राग धरला नाही, ओळखलं मला.
ते म्हणाले, पोरा, तू जवळ्याच्या डब्यापुढे बसलायस. जरा सरक.
सरकलो.
स्नूक डब्याकडेच बघत होता.