फिरतीचा स्टोव्ह

हिंगोली
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६९

प्रिय मार्तंड,

तुझी चिठ्ठी फुलसिंगनं तुपाच्या डब्याखाली दडवून आणली. चार ओळी, त्यांतल्या तीन स्टोव्हबद्दल. नदीपलीकडच्या कॅम्पातून बाहेर पडलात की माळावर चूल पेटवता येत नाही, धुरावर रझाकार येतात. तेव्हा अण्णांचा फिरतीचा स्टोव्ह आणि एकात एक बसणारी पातेली दुरुस्त करून पाठव. पाठव म्हणणं सोपं आहे. आज सतरावा दिवस.

अण्णा पैमाइशीच्या कामावर, गावोगाव जमिनी मोजत, तंबूत राहायचे, तेव्हाचा हा स्टोव्ह. टाकीत काळा चिकट गाळ. पंपाचं कातडी वायसर वाळून चिपाड झालेलं. चांभारानं नवं कापून दिलं, ते इतकं कडक की दट्टा आत जाईना. पातेल्यांची कल्हई उडाली होती. एकात आमटी करून पाहिली, तासाभरात कळकली. कल्हईवाल्याची वाट पाहण्यात आठवडा गेला. राकेल कार्डावर मिळतं, आणि ते मी या धुडाला पाजत बसले.

एक दिवस पेटला. दुसऱ्या दिवशी बंद. पिन घालून घालून बोटं सोलली, तेव्हा निपलमधून राख निघाली. राकेलचा म्हणून आई त्याला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. पण परसात नेऊन रोज सकाळी चिंच आणि राखेनं घासत होती, समईसारखा. मी फार बोलले तिला. ती एवढंच म्हणाली, “लेकराकडं जायचाय तो. काळा काहून धाडायचा?” पुन्हा पिन घेऊन बसले.

अण्णा ओसरीवरून हे सगळं पाहायचे. दसऱ्याला तू गेलास, तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. तहसिलीत साहेब विचारतात, मुलगा कुठं असतो. मला मुलगा नाही, असं ते सांगतात. हे तुला कळवायचं नव्हतं. पण स्टोव्ह कुणासाठी हे त्यांना ठाऊक होतं, आणि दुरुस्ती त्यांना येत होती, आणि ते नुसते बसून होते, याचा मला संताप यायचा.

परवा मी पिन भिंतीवर फेकली. अण्णा उठले. वायसर काढलं, कोमट गोडेतेलात भिजत घातलं. संध्याकाळी अंगठ्यानं त्याच्या कडा फाकवून बसवलं. निळी ज्योत आली. “आधी बर्नर तापू द्यायचा, मग पंप. घाई करतो तो. त्याला सांग,” म्हणाले. मग विझवला, आणि पुन्हा पेटवला.

स्टोव्हच्या आधी पत्र पोचावं म्हणून घाईनं लिहिते आहे. सामान आज फुलसिंगबरोबर यायचं होतं. बैलावर हिंदकळून निपल वाकेल, असं सांगून अण्णांनी ते त्याला दिलं नाही. वाशीमला विजयाच्या सासरी जातो म्हणून त्यांनी तहसिलीतून रजा घेतली आहे. रविवारी ते स्वतः नदी उतरून तुझ्याकडे येतील. आल्यावर फक्त स्टोव्हबद्दल बोलतील. तू दुसरं काही काढू नकोस. शिकवतील तसं शिकून घे. आणि पहिल्याच झटक्यात तुला तो पेटवता येत असला, तरी त्या दिवशी जमत नाही असंच दाखव.

तुझीच,
पद्माक्का